‘टेन्शन’ नव्हे, रक्तदाब

माझे मामा बालाघाट जिल्ह्यात किरनापूरला असतात. गाव मध्य प्रदेशातले, पण घरात बोलणे मराठी, शेती धानाची. स्वभाव इतका थंड की बांधावरून भांडण पेटले तरी हे आपले खर्रा घोटत उभे. अशा माणसाला एके दिवशी पहाटे लकवा झाला. गोंदियाला नेल्यावर रक्तदाब निघाला २२०/१३०. नातेवाईक मात्र एकच वाक्य बोलत राहिले, ‘पण त्यांना कसलेच टेन्शन नव्हते हो!’

हे वाक्य मला घातक वाटते. इंग्रजीत या विकाराला हायपरटेन्शन म्हणतात, आणि त्यातले ‘टेन्शन’ आपण परीक्षेच्या, नोकरीच्या, मुलीच्या लग्नाच्या काळजीला लावतो. मग ज्याला काळजी नाही त्याला हा विकारही नाही, असा हिशेब परस्पर मांडला जातो. या अंकाच्या कन्नड विभागातले आमचे मित्र ‘रक्तदोत्तड’ म्हणतात. त्यांचा ‘ओत्तड’ही मनावरच्या ताणापर्यंत जातो. आपला ‘दाब’ त्या मानाने प्रामाणिक! नळातल्या पाण्याचा असतो तसाच, रक्तवाहिनीच्या भिंतीवरचा.

मनस्तापाने दाब चढतो, हे खरेच. पण मामांची कारणे शोधायला मनात शिरावे लागत नाही. आजोबा लकव्यानेच गेले होते. तोंडात दिवसभर खर्रा. त्यातल्या तंबाखूने रक्तवाहिन्या आवळतात. आणि ताटात दोन्ही वेळा लोणचे, पापड. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याहून कमी मीठ सांगते. (आपल्याकडे तरी ठेच्याशिवाय भाकरी कुठे उतरते?) मीठ शरीरात पाणी धरून ठेवते आणि दाब वाढतो. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या इंटरसॉल्ट पाहणीत ३२ देशांतील दहा हजारांवर माणसे तपासली होती. त्यांतल्या ब्राझीलच्या यानोमामी आदिवासींच्या आहारात मीठ जवळजवळ नाही. त्यांच्यात वयाबरोबर दाबही चढत नाही.

दाब वाढला तरी बहुधा काही दुखत नाही, ही खरी अडचण. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १९४५ साली मेंदूतील रक्तस्रावाने गेले. त्यांचा दाब डॉक्टर मोजत होते, पण हाती गुणकारी औषध नव्हते. मामांच्या वेळी स्वस्त गोळ्या होत्या; दाब कोणी मोजलाच नव्हता. पूर्वी ज्या भंडाऱ्याचा काही भाग तोडून बालाघाट जिल्ह्यात घातला गेला, त्याच भंडाऱ्यात २०१७ नंतर सरकारी केंद्रांतून दाब मोजून औषधे देण्याचा कार्यक्रम सुरू झाला. म्हणजे खेड्यात हे जमत नाही, असे म्हणायला जागा नाही.

आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात दरवर्षी खड्डे खणून झाडे लावतो. एक दिवस दाब मोजायला द्यावा, असे माझे मत आहे. माणसाला पाच मिनिटे स्वस्थ बसवावे, आधी अर्धा तास चहा-तंबाखू नको, दंड हृदयाच्या पातळीवर हवा. १४०/९० किंवा त्यावर आकडा आला तर घाबरवू नये. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजून डॉक्टरांकडे पाठवावे. सुरुवात प्राध्यापकांच्या खोलीपासून केली तरी चालेल. तिथे तपकीर आणि सिगारेट दोन्हींचे भक्त सापडतील.

मामा आता काठी टेकत ओसरीपर्यंत येतात. खर्रा सुटला. लोणच्याची बरणी मामींनी वरच्या फळीवर ठेवली आहे, जिथे त्यांचा डावा हात पोहोचत नाही.