धोका नळीत नव्हे, गुंगीत

सत्तरी उलटलेल्या, हृदयात स्टेंट बसविलेल्या गृहस्थास (लोहाच्या गोळ्या चालू नसताना) काळी शौचास होऊ लागली, की घरात दोन तट पडतात. दुर्बिणीने तपासणी तातडीने करावी, हे एकाचे मत. ‘या हृदयाला ते झेपायचे नाही’, हे दुसऱ्याचे. दुसऱ्या मताला वजन येते, कारण ते मायेपोटी आलेले असते. वस्तुतः आतून रक्त झिरपत राहणे व त्यापायी पंडुता येणे, हेच दुबळ्या हृदयाला अधिक महाग पडते. नुकताच झटका येऊन गेला असेल आणि निकड नसेल, तर थांबणे शहाणपणाचे, एरवी नव्हे.

लवचिक काचतंतूंची दुर्बीण हिर्शोविट्झ यांनी १९५७ साली दाखविली. ती नळी क्वचितच घात करते. धोका प्रामुख्याने गुंगीच्या औषधात असतो. वृद्ध शरीरात मिडाझोलॅमचा अंमल अधिक होतो, श्वास मंदावतो, रक्तातील प्राणवायू उतरतो आणि आधीच अरुंद रोहिण्यांवर जगणारे हृदय पेचात सापडते. म्हणून मात्रा कमी हवी, तीही थांबत थांबत दिलेली. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर कोविडच्या साथीत घरोघरी पोचला. परंतु आकडा घसरताना पाहायला कोणी नसेल तर त्याचा उपयोग काय? तपासणाऱ्याची नजर पडद्यावर खिळलेली असते. श्वासाकडे पाहणारा माणूस निराळाच हवा, आणि नेमका त्याच्याच पगारात काटकसर होते. जठराची केवळ पाहणी असेल, तर घशात बधिरतेचा फवारा मारून पुष्कळदा गुंगीविनाही काम भागते. हा पर्याय रुग्णाला कितीजण सांगतात?

दुसरी चूक दूरध्वनीवर घडते. ‘येण्यापूर्वी आठवडाभर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या बंद ठेवा,’ असे स्वागतकक्षातून सहज सांगितले जाते. साध्या पाहणीसाठी, किंबहुना तपासणीचा लहानसा तुकडा घेण्यासाठीही, अ‍ॅस्पिरिन वा क्लोपिडोग्रेल थांबविण्याची सहसा गरज नसते. आतड्यातील मोठा कोंब काढावयाचा असेल तर क्लोपिडोग्रेल काही दिवस थांबवावे लागते, पण तो निर्णय हृदयतज्ज्ञाचा. स्टेंट नवा असताना त्या गोळ्या परस्पर बंद केल्या, तर त्यात गुठळी धरून माणूस दगावू शकतो. अशा सूचनेखाली हृदयतज्ज्ञाची सही आहे काय, हे संमतिपत्रावर स्वतःची सही करण्यापूर्वी नातेवाइकांनी विचारावे. विचारल्याने डॉक्टर रागावले, तर दुसरा दवाखाना गाठावा.