पगारासाठी पॅन कार्ड ठीक, पण आजार कशासाठी?

नव्या नोकरीचा किंवा इंटर्नशिपचा पहिला दिवस आठवतोय? आयडी कार्डसाठी फोटो, वायफायचा पासवर्ड आणि हातात पडलेला एक लांबलचक फॉर्म. नाव, पत्ता, पॅन, बँक खातं इथपर्यंत ठीक. मग रक्तगट, वडिलांचा व्यवसाय, 'मॅरिटल स्टेटस' आणि सगळ्यात शेवटी 'एखादा आजार असल्यास नमूद करा'. आपण काय करतो? शेजारच्याकडून पेन मागतो आणि सगळं भरून टाकतो. नोकरी मिळालीये याच आनंदात असतो आपण. प्रश्न कोण विचारणार?

मीही भरला होता. गेल्या वर्षी सुट्टीत एका ऑफिसात दोन महिने काम केलं, तिथली ही गोष्ट. चौथ्या दिवशी एचआरने ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक एक्सेल शीट टाकली. आपापले डिटेल्स चेक करा, चूक असेल तर कळवा, एवढाच मेसेज. शीटमध्ये आम्हा तीसेक जणांची सगळी माहिती होती, अगदी खाते क्रमांकासकट. आजाराच्या रकान्यात बहुतेकांपुढे 'नाही' होतं. एका मुलीपुढे लिहिलं होतं, 'फिट येते, गोळ्या सुरू'. ती माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची.

दहा मिनिटांत शीट डिलीट झाली. तोवर ती अनेकांच्या फोनमध्ये उतरली होती. माझ्याही. आणि खरं सांगते, मी माझी ओळ तपासून थांबले नाही. अख्खी शीट वाचली.

पुढच्या आठवड्यापासून तिला बाहेरच्या कामाला पाठवणं बंद झालं. कुणी वाईट बोललं नाही हं. उलट सगळे काळजीनेच म्हणायचे, 'तू बस गं, आम्ही जाऊन येतो.' पण ती तिथे आली होती ते बाहेरचं काम शिकायलाच. एकदा चहा पिताना तिने मला विचारलं, "तूही वाचलंस ना?" मला उत्तर देता आलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, फिट येते हे ऑफिसात कुणाला तरी माहीत असणं तिच्याच भल्याचं नाही का? आहे की! पण तो 'कुणीतरी' कोण, हे तिने ठरवायचं. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला ती स्वतःहून सांगू शकली असती. सांगणं आणि जाहीर होणं, यात फरक आहे.

प्रायव्हसी म्हटलं की आपल्याला इन्स्टाचं प्रायव्हेट अकाउंट आठवतं. पण २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल एकमताने दिला. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण बहुतांश तरतुदी लागू व्हायला त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत आहे.

हा कायदा सांगतो की माहिती घेताना संमती हवी, आणि ती मोकळेपणाने दिलेली हवी. छानच! पण त्याचं कलम ७ वाचा. नोकरीच्या कारणासाठी किंवा मालकाचं नुकसान टाळण्यासाठी कर्मचाऱ्याची माहिती वापरायची असेल, तर संमतीची गरज नाही. आणि गोची पुढे आहे. आपली कोणती माहिती ठेवली आहे ते विचारण्याचा, ती दुरुस्त करून किंवा पुसून घेण्याचा हक्क हा कायदा संमतीने दिलेल्या माहितीपुरताच देतो. म्हणजे शॉपिंग अ‍ॅपला मी जे विचारू शकते, तेच माझ्या ऑफिसला विचारताना माझे हात बांधलेले. माहिती सुरक्षित ठेवली नाही तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे खरा, पण तो सरकारी तिजोरीत जातो. जिचा आजार ग्रुपवर गेला, तिच्या हातात काहीच पडत नाही.

मालकांची बाजू मला कळते. पॅन दिलं नाही तर पगारातून कर जास्त दराने कापला जातो, पीएफला आधार लागतं. पण 'लागतं म्हणून घेतो' आणि 'असू दे म्हणून घेतो' या वेगळ्या गोष्टी आहेत. जर्मनीत एच अँड एम कंपनीच्या न्यूरेंबर्गच्या केंद्रात सुट्टीवरून परतलेल्या कर्मचाऱ्यांशी वरिष्ठ गप्पा मारायचे आणि त्यांचे आजार, घरची भांडणं नोंदवून ठेवायचे. २०१९ मध्ये तांत्रिक चुकीमुळे त्या नोंदी काही तास कंपनीभर खुल्या झाल्या आणि सगळं बाहेर आलं. २०२० मध्ये हॅम्बुर्गच्या डेटा संरक्षण आयुक्तांनी साडेतीन कोटी युरोंहून अधिक दंड ठोठावला.

आपल्याकडे रेघ आखता येत नाही असंही नाही. नोकरी देण्यासाठी एचआयव्ही चाचणीची अट घालता येणार नाही, असं २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा स्पष्ट सांगतो. मग बाकीच्या आजारांचं काय? लग्न झालंय का, या प्रश्नाचं काय? आणि फॉर्मच्या पलीकडेही बघा. नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली. एसीत बसणाऱ्याच्या लॅपटॉपवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर आणि झाडू मारणारीच्या हातावरचं ते घड्याळ, दोन्हींमागचा प्रश्न एकच: कामाची नोंद कुठे संपते आणि माणसाची कुठे सुरू होते?

म्हणून मला वाटतं, कायद्यातली ही पळवाट बुजायला हवी. कर्मचाऱ्यालाही स्वतःची माहिती बघायचा आणि दुरुस्त करून घ्यायचा हक्क हवा. प्रत्येक रकान्यापुढे 'कशासाठी' ते लिहिलेलं हवं. ज्यांना नोकरी दिलीच नाही, त्यांची कागदपत्रं पुसली जायला हवीत.

तोवर आपण काय करायचं? पहिल्याच दिवशी भांडा, असं मी सांगणार नाही, मलाही ते जमलं नसतं. पण 'हे कशासाठी लागतं?' असं नीट विचारता येतं. जिथे चालेल तिथे पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार देता येतं. सुट्टीचं कारण ग्रुपवर न टाकता फक्त वरिष्ठांना मेल करता येतं. ऑफिसच्या अ‍ॅपला लोकेशन चोवीस तास न देता वापरापुरतं देता येतं.

आणि कधी अशी शीट तुमच्या ग्रुपवर आलीच, तर आपली ओळ बघा आणि बंद करा. 'ही काढून टाका' असं ग्रुपवर लिहिणारे पहिले तुम्ही व्हा. मी त्या दिवशी ते लिहिलं नव्हतं.