उशीखालची बाटली



गेल्या पंधरवड्यात आलेल्या पत्रांतलं एक पत्र मी दोनदा वाचलं. लिहिणारी आहे एका तालुक्याच्या गावातली. दोन मुलं, सासू-सासरे, सकाळी सगळ्यांचे डबे, दुपारी शिवणाचा क्लास. ती लिहिते :

"मागच्या पावसाळ्यात सर्दी झाली तेव्हा औषधांच्या दुकानातून नाकात घालायचे थेंब आणले. दोन मिनिटांत नाक मोकळं झालं. आता दहा महिने झाले, पण बाटली उशीखाली असल्याशिवाय मला झोप येत नाही. रात्री दोनदा तरी उठून थेंब घालते. ह्यांना कळू नये म्हणून दिवासुद्धा लावत नाही. सासूबाई म्हणतात, नाकाचं हाड वाढलंय, ऑपरेशनच करावं लागणार. ऑपरेशनची भीती वाटते, आणि बाटली संपत आली की त्याहून जास्त भीती वाटते. डॉक्टरांना सांगायला लाज वाटते."

अगं, लाज कसली त्यात! तुझ्यासारख्या कितीतरी जणी पर्समध्ये, उशीखाली, देवघराच्या कोनाड्यात ही बाटली ठेवून आहेत. म्हणून आजचं उत्तर तुझ्या एकटीसाठी नाही, सगळ्यांसाठीच लिहिते.

नाक का चोंदतं?

आधी नाकाची रचना समजून घेऊ. नाकाच्या आत दोन्ही बाजूंना मांसल पडदे असतात. त्यांत रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. बाहेरची हवा फुप्फुसात जाण्यापूर्वी ती गरम करणं, ओलसर करणं आणि धूळ अडवणं हे या पडद्यांचं काम. ते आळीपाळीनं फुगतात आणि बसतात. त्यामुळे चांगल्या निरोगी माणसाचीही एक नाकपुडी जास्त मोकळी आणि दुसरी जराशी बंद असते, आणि काही तासांनी ती अदलाबदल होते. आपल्याकडे ‘उजवा स्वर चालू, डावा बंद’ असं म्हणतात, ते याच गोष्टीला. तेव्हा नुसती एक बाजू जड वाटली म्हणून घाबरू नये.

सर्दीत किंवा ॲलर्जीत हे पडदे जास्तच सुजतात. झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन यांसारख्या औषधांचे थेंब त्या रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून नाक मिनिटांत उघडतं. पण अंमल उतरला की त्याच रक्तवाहिन्या पुन्हा सैलावतात, आणि बरेच दिवस थेंब घातले असतील तर पहिल्यापेक्षा जास्त फुगतात. मग पुन्हा थेंब, पुन्हा सूज. सर्दी केव्हाच गेलेली असते, आता नाक चोंदतं ते थेंबांमुळेच! म्हणून हे थेंब तीन दिवस, फार तर पाच दिवस. त्यापुढे नाही. रक्तदाब, हृदयविकार किंवा काचबिंदू असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदाही घालू नयेत.

बाटली सुटते कशी?

पत्र लिहिणाऱ्या मैत्रिणीला पहिलं सांगणं हे, की हे दुखणं बरं होतं आणि बहुतेक वेळा ऑपरेशनशिवाय होतं. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा, बाटली सोबत ने आणि दहा महिन्यांचं सगळं सांग. डॉक्टर रागावणार नाहीत, असे पेशंट त्यांच्याकडे रोज येतात. साधारणपणे ते नाकात मारायचा स्टिरॉइडचा फवारा देतात आणि थेंब बंद करायला सांगतात. एकदम बंद करणं जमत नसेल तर आधी एका नाकपुडीतले बंद करायचे. ती बाजू मोकळी राहू लागली की मग दुसरीतले. पहिले काही दिवस, विशेषतः रात्री, जड जातात हे खरं. डोक्याखाली एक उशी जास्त घे, झोपण्यापूर्वी मिठाच्या पाण्यानं नाक धू आणि धीर धर. आणि घरात सांगून टाक. अंधारात चाचपडण्यापेक्षा ह्यांना माहीत असलेलं बरं. रात्री कुणीतरी "थोडं थांब, सुटेल" म्हणणारं हवं.

‘स्टिरॉइड’ या शब्दाला बिचकू नका. या फवाऱ्यातली मात्रा अगदी थोडी असते आणि औषध बहुतांशी नाकातच काम करतं. पण ते मिनिटांत नाक उघडत नाही. गुण यायला काही दिवस, कधी दोन आठवडेही लागतात. दोन दिवसांत "काही उपयोग नाही" म्हणून बाटली फडताळात टाकली की पैसे वाया!

मारण्याचीही पद्धत आहे. मान मागे टाकू नका, किंचित पुढे झुकवा. उजव्या नाकपुडीत डाव्या हातानं आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हातानं मारा, म्हणजे फवारा मधल्या पडद्यावर न जाता बाहेरच्या बाजूला जातो. मधल्या पडद्यावर रोज फवारा बसला की नाकातून रक्त येतं. मारल्यावर जोरात ओढू नका. घशात कडू लागलं, तर समजा की औषध नाकात न राहता पोटात गेलं.

मिठाच्या पाण्याची नवी प्रतिष्ठा

योगातली जलनेती आपल्या ऐकण्यातली आहे. आता मोठमोठ्या पाहण्यांमधून मिठाच्या पाण्याला दुजोरा मिळतो आहे. २०२४ साली ब्रिटनमधल्या सुमारे १४,००० लोकांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सर्दी-पडशाची चाहूल लागताच ज्यांनी नाकात साधा क्षारयुक्त फवारा मारायला सुरुवात केली, त्यांचे आजारपणाचे दिवस सरासरी आठांवरून साडेसहांच्या आसपास आले आणि त्यांना प्रतिजैविकंही कमी लागली.

त्याच वर्षी स्कॉटलंडमधल्या एडिंबरोच्या संशोधकांनी सहा वर्षांपर्यंतच्या ४०७ मुलांची पाहणी मांडली. आयांना घरीच मिठाच्या पाण्याचे थेंब बनवायला आणि मुलांच्या नाकात घालायला शिकवलं होतं. त्या मुलांची सर्दी सहा दिवसांत गेली, बाकीच्यांची आठ दिवसांत. घरातल्या इतरांना लागण होण्याचं प्रमाणही कमी झालं : एरवी शंभरातल्या ५८ घरांत सर्दी पसरली, तर थेंबवाल्यांच्या ४१ घरांत. एका मुलाची सर्दी संपते न संपते तोच दुसऱ्याची सुरू होते, हे आपल्याला काय नवीन आहे? त्यात दोन दिवस वाचले तर ते थोडके नव्हेत. लहान मुलांसाठी दुकानात तयार सलाइनचे थेंब मिळतात, तान्ह्या बाळासाठी मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

मोठ्यांसाठी कृती अशी : अर्धा लिटर पाणी तीन ते पाच मिनिटं खळखळून उकळा. कोमट झाल्यावर त्यात चहाचा एक सपाट चमचा बारीक मीठ विरघळवा. आयोडीन नसलेलं साधं मीठ मिळालं तर उत्तम, ते कमी झोंबतं. चिमूटभर खायचा सोडा घातला तरी चालेल. वाकून, डोकं एका कुशीला कलंडवून, तोंडानं श्वास घेत वरच्या नाकपुडीत हळूहळू पाणी सोडा. ते खालच्या नाकपुडीतून बाहेर येतं. मग हळूच नाक शिंकरा, दोन्ही नाकपुड्या दाबून जोरात नाही. नेतीचं भांडं दर वेळी धुऊन कोरडं ठेवा आणि उरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी टाकून द्या. फवारा मारायचा असेल तर आधी धुणं, मग फवारा.

एक गोष्ट मात्र अधोरेखित करून ठेवा : पाणी उकळलेलंच हवं. नळाचं, विहिरीचं, हंड्यातलं पाणी नाकात घालू नका. घरच्या फिल्टरवरही विसंबू नका. २०११ साली अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यात नेतीच्या भांड्यात नळाचं पाणी वापरल्यामुळे दोघांच्या मेंदूत अमीबा गेला आणि ते दगावले. हेच पाणी प्यायलं तर पोटातलं आम्ल अमीबाला मारतं, पण नाकातून त्याला मेंदूकडे वाट मिळते. असं क्वचितच घडतं. पण उकळायला पाच मिनिटं लागतात, तेवढा कंटाळा करायला नको.

आणि पाण्यात तेल, लिंबू, लसणाचा रस असं काही घालू नका. नाकाचं अस्तर फार नाजूक असतं.

वाफ आणि गोळ्या

वाफेनं बरं वाटतं, घ्यायची असेल तर घ्या. पण वारंवार सायनसचा त्रास होणाऱ्यांची ब्रिटनमध्ये पाहणी झाली (२०१६), तीत वाफेचा फारसा फायदा दिसला नाही, नाक धुण्याचा थोडा दिसला. लहान मुलाला मांडीवर घेऊन उकळत्या पातेल्यावर चादर धरणं तर बंदच करा. पातेलं कलंडून भाजलेली मुलं दवाखान्यात येतात, तेव्हा सर्दीची आठवणही कुणाला राहत नाही.

सर्दीच्या गोळ्यांचंही ऐका. नाक मोकळं करण्यासाठी बऱ्याच गोळ्यांत फिनिलेफ्रिन असतं. २०२३ साली अमेरिकी औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ सल्लागारांनी एकमतानं सांगितलं, की पोटात घेतलेल्या फिनिलेफ्रिननं चोंदलेलं नाक उघडत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये ते अशा गोळ्यांतून काढण्याचा प्रस्तावही आला. आपल्याकडे २०२३ च्या डिसेंबरात क्लोरफेनिरामिन आणि फिनिलेफ्रिन एकत्र असलेली औषधं चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत, अशी सूचना छापण्याचा आदेश निघाला. तेव्हा शेजारच्या बाळाला लागू पडलेलं सर्दीचं औषध आपल्या बाळाला देऊ नका.

"मला सायनस आहे"

हे वाक्य मी रोज ऐकते. बाई, सायनस सगळ्यांनाच असतात! गालात, कपाळात, डोळ्यांच्या मध्ये आणि नाकाच्या मागे असलेल्या त्या हवेच्या पोकळ्या आहेत. त्यांना सूज आली तर तो आजार. सर्दीबरोबर अशी सूज येते आणि बहुतेकदा आपोआप जाते, कारण मूळ विषाणूंचं असतं. विषाणूंवर प्रतिजैविकं चालत नाहीत. दहा दिवसांत उतार नाही, बरं वाटता वाटता पुन्हा बिघडलं, किंवा जोराचा ताप येऊन चेहरा ठणकू लागला, तर मात्र डॉक्टरांकडे जा. बारा आठवड्यांवर चाललं तर ते जुनाट दुखणं, त्याची नीट तपासणी हवी.

आणि डोकेदुखी? ‘सायनसनं डोकं दुखतं’ म्हणणाऱ्या जवळजवळ ३,००० लोकांची २००४ साली अमेरिकेत तपासणी झाली, तेव्हा शंभरातल्या ८८ जणांची लक्षणं अर्धशिशीची निघाली. पाळीच्या आसपास कपाळ ठणकतं, मळमळतं, उजेड नको वाटतो आणि नाकातून घट्ट पिवळा शेंबूड येत नाही, असं असेल तर वर्षानुवर्षं सायनसच्या गोळ्या खाण्याऐवजी डॉक्टरांना अर्धशिशीबद्दल विचारा.

गरोदरपणात शेवटच्या महिन्यांत सर्दी नसतानाही नाक चोंदतं. बाळंतपणानंतर साधारण दोन आठवड्यांत ते जातं. तोवर मिठाचं पाणी आणि उंच उशी. बाटली नको!

केव्हा थांबायचं नाही

डोळ्याभोवती सूज आली, एकाचे दोन दिसू लागले, मान ताठरली, तापात माणूस बरळू लागलं, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा. मधुमेह असलेल्या माणसाचा गाल सुजला किंवा बधिर झाला, नाकातून काळपट स्राव आला, तर रात्र जाऊ देऊ नका. २०२१ साली काळ्या बुरशीनं महाराष्ट्रात किती घरांना रडवलं, ते आपण पाहिलंय. मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल तर आत चिंचोका, शेंगदाणा, मणी काहीतरी असणार. घरी चिमट्यानं काढायला जाऊ नका. घड्याळातला बटणसेल गेल्याची शंका असेल तर तासाभराचाही उशीर नको. मोठ्या माणसाच्या एकाच बाजूला घाण वास येत असेल तर वरच्या दाढेकडेही पाहून घ्या, किडलेल्या दाढेनंही असं होतं.

आता राहिलं ‘वाढलेलं हाड’. नाकाचा मधला पडदा थोडा वाकडा असणं अगदी सर्रास आढळतं, आणि कितीतरी जणांना त्याचा आयुष्यभर काही त्रास होत नाही. दुर्बिणीतून होणारी शस्त्रक्रिया काहींना खरंच लागते. नाकात द्राक्षांसारखी मांसवाढ होत राहिली तर आता इंजेक्शनंही निघाली आहेत. २०१९ पासून अमेरिकेत त्यासाठी एक इंजेक्शन मान्य झालं, पण ती फार महाग आहेत आणि मोजक्या रुग्णांसाठीच आहेत. थेंबांनी सुजलेल्या नाकाला यातलं काहीच लागत नाही. म्हणून ऑपरेशनचा विचार करण्याआधी बाटली सोडून बघ, म्हणजे मूळ दुखणं किती आणि बाटलीचं किती, ते कळेल.

तेव्हा पत्र लिहिणाऱ्या मैत्रिणी, या आठवड्यात तज्ज्ञाकडे जाऊन ये. जाताना बाटली न्यायला विसरू नकोस. आणि पहिली रात्र थेंबांशिवाय झोपलीस की मला चार ओळी लिही. मी वाट पाहते आहे.