विंचवाचे औषध सापडले, ते वेळेवर पोचणार कधी?



कापसाच्या भावाचा आणि पीकविम्याचा मजकूर आतल्या पानांवर आहे. अग्रलेखाची जागा मात्र या वेळी आम्ही साप-विंचवाला दिली आहे. कच्चा अंक पाहून एका जुन्या कार्यकर्त्याने विचारलेच, "हा काय चळवळीचा विषय झाला? साप तर आज्याच्या काळापासून चावतात." चावतात, खरे आहे. पण आज्याच्या काळी त्यावर औषध नव्हते. आज आहे. औषध असताना माणूस मरतो, तेव्हा सापाने मेला म्हणून कुणाला हात झटकता येणार नाहीत.

आपले कामच पाहा. पऱ्हाटीत वाकून वेचणाऱ्या बाईची पावले पाल्यात बुडालेली असतात. ज्वारी उपटताना, कडब्याची पेंढी उचलताना हात थेट अंधाऱ्या सांदीत जातो. माळवदाच्या घरात आढ्यातून विंचू अंथरुणावर पडतो. ऊसतोडीला गेलेली आपली निम्मी माणसे कोपीत जमिनीवर झोपतात. म्हणजे चावा हा काही कपाळावर लिहिलेला योग नाही, तो धंद्यातला धोका आहे. कारखान्यात यंत्रात हात गेला तर त्याला अपघात म्हणतात. आपल्या बाबतीत मात्र "त्याची वेळ भरली होती" असे म्हणून मोकळे होतात, आणि तसे म्हणणारांत आपणही असतो.

आधी विंचवाची गोष्ट सांगतो, कारण ती आपल्याच मातीतल्या माणसाची आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर हे जालना जिल्ह्यातल्या देहेडचे, कोरडवाहू मुलखातले. नागपूरला डॉक्टरकी शिकून १९७६ साली ते महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचवाचा सुळसुळाट. विंचू चावलेला धडधाकट माणूस यायचा, घामाने निथळायचा, हातपाय बर्फासारखे गार पडायचे, ओकाऱ्या व्हायच्या, मग धाप लागून तोंडाला फेस यायचा आणि डोळ्यांदेखत जायचा. गंभीर रोग्यांपैकी शंभरात पंचवीस-तीस माणसे दगावत. लेकरे त्यांत जास्त. त्या वेळी जी औषधे देण्याची रीत होती, तिने गुण येत नव्हता.

या डॉक्टरने काय केले? रोग्याच्या खाटेजवळ रात्र-रात्र बसून त्याने नाडी, रक्तदाब, घाम, श्वास हे सगळे तासातासाला वहीत उतरवले. त्यातून उलगडले ते असे. लाल विंचवाचे विष अंगात गेले की शरीर स्वतःचीच उत्तेजक द्रव्ये भसाभस सोडते. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय त्या भाराने थकते आणि फुप्फुसात पाणी साचते. फेस येतो तो त्या पाण्याचा. ही निरीक्षणे १९८२ साली लंडनच्या 'लॅन्सेट' या जगभर वाचल्या जाणाऱ्या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आली. तालुक्याच्या गावातल्या डॉक्टरची वही लंडनला पोचली.

पुढे पुण्याला एम.डी. करताना, हृदयावरचा भार हलका करणारी औषधे त्यांनी अभ्यासली. महाडला परतल्यावर त्यांतले एक सलाइनमधून दिले. गुण आला. पण त्याला क्षणाक्षणाला रक्तदाब पाहावा लागतो, ते खेड्यात कुठून जमणार? म्हणून त्यांनी तेच काम करणारी गोळी शोधली. तिचे नाव प्राझोसिन. गोळी मूळची रक्तदाबाची, जुनी आणि स्वस्त. तिने आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल होतात. १९८४ च्या सुमारास ही गोळी वापरात आली आणि शंभरातले पंचवीस-तीस मृत्यू एकाच्या आसपास आले. मोठा दवाखाना नाही, परदेशी यंत्र नाही. एक गोळी, आणि ती केव्हा द्यायची याचे ज्ञान.

संशोधन तिथेच थांबले नाही. मुंबईच्या हाफकिनने घोड्यांच्या रक्तापासून विंचवाचे प्रतिविष तयार केले. गोळी असताना ते कशाला, असा प्रश्न होता. डॉ. बावस्कर आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी महाडला सत्तर रोग्यांवर रीतसर चाचणी घेतली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी केली. पस्तीस जणांना नुसती गोळी दिली, पस्तीस जणांना गोळी आणि प्रतिविष दोन्ही. दहा तासांनी पाहिले तर दोन्ही घेणारांपैकी ३२ जण पूर्ण बरे झाले होते, नुसत्या गोळीवरचे ८. हा निकाल २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. याचा अर्थ गोळी कुचकामी असा नाही. गोळीने जीव वाचतो, प्रतिविषाची जोड मिळाली तर रोगी लवकर उठतो. २०२२ साली सरकारने डॉ. बावस्करांना पद्मश्री दिली. आनंद आहे. पण आम्हाला विचारायचे आहे ते असे, की बीड जिल्ह्यातल्या किती उपकेंद्रांत आज प्राझोसिनची पट्टी आहे, आणि ती कधी द्यायची हे रात्रपाळीच्या माणसाला माहीत आहे का? बियाण्याच्या कंपनीची जीप मृगाच्या आधी भोंगा लावून वाडी-तांड्यावर येते. या गोळीची जीप कधी आली नाही. स्वस्त गोळीत कुणाला नफा नाही, म्हणून तिचा भोंगाही नाही.

(गोळी घरात आणून ठेवा असे मात्र आम्ही सांगत नाही. तिने रक्तदाब एकदम उतरतो. नुसती वेदना असेल तर तिची गरज नसते. घाम, ओकारी, गार हातपाय ही लक्षणे पाहून डॉक्टरनेच ती द्यायची.)

आता साप. इथे आधी मोजणीचीच गोष्ट सांगितली पाहिजे. सरकारी दवाखान्यांच्या दप्तरात सर्पदंशाचे मृत्यू थोडेच दिसत. मग देशाच्या जनगणना खात्याच्या मदतीने संशोधकांनी घरोघर माणसे पाठवली आणि "घरातले माणूस कशाने गेले" हे विचारले. २०११ साली निकाल आला. देशात वर्षाला सुमारे ४६ हजार मृत्यू, म्हणजे दप्तरातल्या आकड्याच्या तीसपटीहून जास्त. त्यांतले शंभरात ९७ खेड्यातले, आणि बहुतेक दवाखान्याबाहेर झालेले. २०२० साली पुन्हा हिशेब झाला. २००० ते २०१९ या वीस वर्षांत बारा लाख माणसे, सरासरी वर्षाला ५८ हजार. सर्वांत जास्त मृत्यूंच्या राज्यांत महाराष्ट्र नाही, हे मान्य केले पाहिजे. पण जो घरी मेला तो दप्तरात नाही, आणि दप्तरात नाही त्याच्यासाठी लसही मागवली जात नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या शेतकरी अपघात योजनेत साप-विंचवाच्या मृत्यूला दोन लाखांची मदत आहे. कागद नसेल तर तीही हुकते.

दिल्लीला जाग आली आहे, असे म्हणायला जागा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतले. मार्च २०२४ मध्ये केंद्राने सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा काढला आणि २०३० पर्यंत मृत्यू निम्मे करण्याचे ठरवले. त्याच वर्षी नोव्हेंबरात, सर्पदंशाची नोंद बंधनकारक करा, असे राज्यांना कळवले. आराखडा चांगला आहे, आम्ही त्याची टर उडवणार नाही. पण आराखड्याने विष उतरत नाही.

दोन वर्षांखाली आमच्याच एका कार्यकर्त्याच्या चुलतीला कडबा उचलताना हाताला घोणस चावली. दिवेलागणीची वेळ. तास-दीड तास देवळात गेला. मग जीप मिळेना. पहिल्या दवाखान्यात "लस संपली, पुढे न्या" म्हणाले. दुसऱ्याने बाहेरच्या बाहेर वाट दाखवली. तिसऱ्या ठिकाणी सुई टोचली तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. बाई वाचली, पण मूत्रपिंडे बसली, पंधरा दिवस यंत्रावर रक्त शुद्ध करावे लागले आणि बैलजोडी विकावी लागली. त्या घरातल्यांनी आम्हाला विचारले, आमचे काय चुकले? आम्ही खरे ते सांगितले. देवळातला तास तुमचा चुकला, बाकीचे पाच तास तुमचे नव्हते.

या तासांवर इलाज काय, याचेही संशोधन झालेले आहे, आणि ते इतके साधे आहे की ऐकून हसू यावे. नेपाळच्या तराईत दमक नावाचे गाव आहे. तिथे साप चावलेल्या शंभरांतले दहाहून अधिक मरत. लस दमकच्या केंद्रात होती, पण माणसे तिथवर पोचत नव्हती. मग चार गावांत मोटारसायकलवाले स्वयंसेवक नेमले. निरोप आला की गाडी काढायची, रोग्याला मध्ये बसवायचे, मागे एकाने धरून बसायचे आणि थेट लसीच्या दवाखान्यात न्यायचे. जोडीला गावोगाव समजावणी. मृत्यूचे प्रमाण शंभरात साडेदहावरून अर्ध्यावर आले, म्हणजे दोनशेत एक. हे २०१३ साली छापून आले आहे. लस तीच, डॉक्टर तेच. मधली वाट तेवढी छोटी झाली. आज आपल्या कुठल्या वस्तीवर मोटारसायकल नाही? १०८ ला फोन जरूर करा, पण गाडी लांब असेल तर वाट पाहत बसू नका.

दवाखान्यात पोचल्यावरही एक स्वस्त परीक्षा आहे. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत रोग्याचे थोडे रक्त घ्यायचे आणि वीस मिनिटे न हलवता ठेवायचे. गोठले नाही तर घोणस किंवा फुरशाचे विष चढले, लस सुरू करायची. नाग आणि मण्यार यांचे विष मज्जातंतूंवर जाते, त्यात पापण्या पडतात, बोबडी वळते, मग श्वास अडतो. मण्यार तर झोपेत चावते, दुखत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे माणूस पोटात कळ आली म्हणून उठतो आणि घरचे ओवा देतात. तेव्हा जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठला आणि त्याच्या पापण्या जड झाल्या, तर तो साप समजूनच निघा. लेकराला लस मोठ्या माणसाएवढीच लागते, कारण सापाने विष वय पाहून कमी केलेले नसते. घट्ट दोरी बांधणे, ब्लेडने कापणे, तोंडाने चोखणे, हे तिन्ही बंद. चावलेला हात किंवा पाय फळीला सैल बांधून हलू न देता न्यायचा. मेलेल्या सापाच्या मागेही वेळ घालवू नका.

कोपीवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. मच्छरदाणी अंथरुणाखाली खोचून झोपणारांना सापाचा चावा कमी होतो, असे नेपाळमध्येच २००७ साली दिसले आहे. उचल घेताना मुकादमाकडून मच्छरदाण्याही मागून घ्या, आणि फडावर उतरल्या दिवशी सर्वांत जवळचा लसीचा दवाखाना कोणता, ते विचारून ठेवा.

शास्त्रज्ञांकडे आमचे एक मागणे आहे. देशातल्या बहुतेक लसीसाठी लागणारे विष तामिळनाडूतल्या इरुळा समाजाच्या सहकारी संस्थेकडून येते. पिढ्यान्‌पिढ्या साप धरणाऱ्या माणसांनी १९७८ साली उभी केलेली ही संस्था, तिचा आम्हाला आदरच आहे. पण बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी अलीकडे दाखवले आहे, की एकाच जातीच्या सापाचे विष मुलखागणिक बदलते आणि एका मुलखातली लस दुसरीकडे कमी पडू शकते. जमीन बदलली की वाण बदलावे लागते, हे आपल्याला शिकवायला नको. मग बालाघाटच्या घोणशीचे विष कुणी तपासणार की नाही? अंबाजोगाईला ग्रामीण भागासाठी म्हणून उभे राहिलेले वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे हे काम व्हावे, त्याला पैसा मिळावा.

आणि वीज. कोरडवाहू म्हटले तरी हरभऱ्याला, शाळूला विहिरीचे एखादे पाणी द्यावे लागते आणि थ्री-फेज येते मध्यरात्री. २०२३ पासून सौर कृषी वाहिनीच्या नव्या टप्प्यात काही गावांना दिवसाची वीज मिळाली. जिथे नाही मिळाली, तिथे माणूस अनवाणी पायाने, एका हातात बॅटरी आणि एका हातात फावडे घेऊन सापाच्याच वेळी सापाच्याच वाटेने चालतो. दिवसा वीज ही मागणी आपण आजवर झोपेसाठी आणि पिकासाठी केली. ती जीव वाचवण्याचीही मागणी आहे. निवेदनात ही ओळ आता घालायची.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक कागद आणावा. त्यावर रात्री-अपरात्री गाडी काढतील अशा चार मोटारसायकलवाल्यांची नावे असावीत. खाली आपल्या आरोग्य केंद्रात सापाच्या लसीच्या बाटल्या किती, प्राझोसिन आहे की नाही आणि रात्री डॉक्टर राहतो की नाही, हे स्वतः जाऊन, विचारून, तारीख घालून लिहावे. आष्टी, पाटोदा, शिरूरच्या डोंगरातल्या गावांनी तर हे चुकवू नये. कागद सगळे एकत्र करून जिल्हा शल्यचिकित्सकांना आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना बैठकीच्या दुसऱ्याच दिवशी द्यायचे ठरले आहे. मोटारसायकलवाल्यांची यादी देवळाच्या आणि शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवा. रंगाचा खर्च वर्गणीतून घेतला तरी चालेल.