खांदा बदली नव्हे

पाककृती लिहिणाऱ्या विद्वानांनो, डुकराच्या मटणाबद्दल तुमचं वाक्य ठरलेलं. पाठीचा तुकडा मिळाला नाही तर खांद्याचा चालेल. चालेल! म्हणजे खांदा बदली.

बदली म्हणजे काय ते गिरणीवाल्याला विचारा. मस्टरवर नाव दुसऱ्याचं, साचा चालवायचा आपण. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात व्याख्याच होती त्याची. वर्षभर सलग राबला की त्याला नुकसानभरपाईपुरतं बदली धरता येणार नाही, हेही तिथंच लिहिलं होतं. खांदा तर आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या राबतोय. तो अजून बदली? काऊन बे?

पाठीवर जनावराचा जोर पडत नाही. तिथलं मांस नरम, चरबी कमी, लवकर शिजतं. जास्त ठेवलं की सुतळी होते. खांदा जन्मभर ओझं पेलतो, म्हणून त्यात पडद्यांची जाळी. घाईनं परतला तर रबर. मंद आचेवर दोन तास ठेवा, ती जाळी विरघळून रश्शात उतरते, खाताना बोटं चिकटतात. असा रस्सा पाठीच्या बापाच्यानं होत नाही. उलट खांद्याइतका वेळ पाठ शिजवाल तर चोथा चघळाल. तुकडा बदलला की वेळ बदलावा लागतो, एवढी साधी गोष्ट तुमच्या 'चालेल'मध्ये नाही. (कच्चा मात्र कोणताच ठेवू नका, पोटात जंत होतात.)

आणि ते दोन तास कोणाचे? स्वस्त तुकडा गॅस जास्त खातो, माय जास्त खातो. पाळी सुटल्यावर आम्ही खाटेवर, ती चुलीपाशी. तिची मजुरी धरली तर खांदा स्वस्त राहत नाही. कुकर घ्या.

आता आपल्या लोकांशी भांडतो. नागपूरचा सावजी रस्सा पाहा. हलबा कोष्टी विणकरांच्या घरचं तिखट, आज पाट्या लावून विकतात, साहेब लोक नाक पुसत खातात. आणि आपला शिकलेला भाऊ पाहुणे आले की डुकराच्या जागी कोंबडी आणतो. २०१५ ला सरकारनं कायदा करून बैलाचं मांस ताटातून काढलं, त्या जागी म्हैस आली. ती बदली लादलेली होती. ही कोंबडीची बदली तर लाजेपायी, आपल्याच हातानं! बाबासाहेबांनी १९२७ ला महाडात मेलेल्या जनावराचं मांस सोडा म्हणून सांगितलं. दाम मोजून आणलेलं ताजं मटण दार लावून खा, असं नाही सांगितलं.

शाहू पाटोळे यांनी २०१५ मध्ये 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या रांधण्याची नोंद केली. विदर्भातल्या चुलींची कोण करणार? पुण्याहून कोणी येणार नाही. पुढच्या अंकासाठी मायबहिणींना विचारून पाठवा: कोणता तुकडा, कोणतं भांडं, किती वेळ, तेल घातलं की त्याच्याच चरबीत परतलं. तुकड्याला घरी जे नाव आहे तेच लिहा, शुद्ध करू नका.