पाणी चढण्याआधी
22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठी नदीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले, तेव्हा फ्रिज-टीव्हीबरोबर संगणकांतले हिशेब आणि घरांतले फोटोही गाळात गेले. यंत्र पुन्हा विकत मिळते. उधारीचा हिशेब आणि लग्नाचे फोटो मिळत नाहीत. त्यांची एक प्रत पावसाळ्याआधीच परगावच्या नातलगाकडे किंवा क्लाउडवर ठेवावी. पाणी चढू लागले की, पाय कोरडे असतानाच मेन स्विच बंद करावा. ओसरल्यावर ‘फ्रिज चालतोय का पाहू’ हा मोह जिवावर बेततो. वायरिंग तपासून घेतल्याशिवाय एकही बटण दाबू नये. गोरगरिबांना वायरमन परवडत नाही, मिळतही नाही. म्हणून पूररेषेतल्या प्रत्येक वॉर्डात पंचनाम्याच्या पथकासोबत नगरपालिकेने वायरमन मोफत पाठवलाच पाहिजे.