मोटारीचें इंजिन : अर्धें कीं पुरें?

संस्कृत वैयाकरणांच्या चर्चेंत ‘अर्धजरतीय’ नांवाचा एक न्याय येतो. एकच स्त्री अर्ध्या अंगानें वृद्ध व अर्ध्या अंगानें तरुण असूं शकत नाहीं. म्हणून एकाच वस्तूविषयीं अर्धें हें आणि अर्धें तें असें धरणें अयुक्त होय, असा त्याचा आशय. वर्गांत हा न्याय समजावून देतांना तो कधीं मोटारीच्या गॅरेजांत आठवावा लागेल, असें आम्हांस वाटलें नव्हतें. परंतु जुन्या गाडीच्या इंजिनाचें ‘हाफ’ काम करावें कीं ‘फुल’, हा जो प्रश्न पुष्कळ कुटुंबांत केव्हां ना केव्हां उभा राहतो, त्याच्या मुळाशीं हाच वाद आहे. अर्धें नवें आणि अर्धें जुनें इंजिन सुखानें नांदेल काय?

प्रथम शब्दांचा अर्थ स्पष्ट करूं. इंजिनाचे स्थूलमानानें दोन भाग मानावे. वरचा भाग म्हणजे हेड. यांत इंधन-वायु आंत घेणारे व धूर बाहेर टाकणारे व्हॉल्व्ह असतात. खालचा भाग म्हणजे ब्लॉक. याच्या सिलिंडरांत पिस्टन वरखालीं धांवतात आणि त्यांची ती धांव क्रँक चक्राकार गतींत पालटतो. हेड उतरवून व्हॉल्व्ह घासणें, गास्केट बदलणें, फार तर पिस्टनांच्या रिंगा नव्या घालणें, यास मिस्त्री लोक साधारणतः हाफ इंजिन म्हणतात. सबंध इंजिन गाडींतून उतरवून सिलिंडर बोअर करणें, मोठ्या मापाचे पिस्टन घालणें, क्रँक घासून नवीं बेअरिंगें बसविणें, हें फुल इंजिन.

सोलापूरकरांस हा विषय अगदींच परका नाहीं. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ सालीं याच शहरीं झाला. त्यांच्या प्रयत्नानें १९४४ सालीं स्थापन झालेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्स कंपनीनें मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यांत इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्यानें गाड्या बांधल्या. त्यांतील फियाट ११०० ही मध्यम स्थितींतील कुटुंबांची गाडी झाली व पुढें ‘पद्मिनी’ या नांवानें घरोघर ओळखली गेली. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची धांव ७५ मिलिमीटर आणि एकूण १०८९ घनसेंटिमीटर, एवढा तिच्या इंजिनाचा संसार. या शतकाच्या आरंभास तिचें उत्पादन थांबलें. मुंबईच्या टॅक्सींतूनहि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तिनें निरोप घेतला. तथापि कांहीं दारांत ती वडिलांची आठवण म्हणून अद्याप उभी आहे.

आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबांत अशीच एक पद्मिनी आहे. गेल्या उन्हाळ्यांत ती निळा धूर सोडूं लागली, चढावर दम टाकूं लागली, आणि एकदां तुळजापूरच्या घाटांत, वृद्ध मातोश्री व दोन लहान नातवंडें आंत असतां, भर दुपारीं तापून अडली. मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४० अंशांच्या वर चढतो. तशा उन्हांत रस्त्याच्या कडेस बसून राहणें वृद्धास व बालकास जिवावरचें होऊं शकतें. तेव्हां कांहीं तरी केलेंच पाहिजे, येथवर घरांत एकमत होतें. थोरले बंधु म्हणाले, हाफ काम करून भागवूं, कारण मुलीच्या कॉलेजचा खर्च समोर आहे. धाकटे म्हणाले, वडिलांची वस्तु आहे, एकदांच पुरें काम करूं. दोघांचाहि हेतु शुद्ध. परंतु एकानें पैशाकडे पाहिलें आणि दुसऱ्यानें वडिलांकडे. इंजिनाकडे कोणींच पाहिलें नव्हतें.

वैद्यकांत रोगपरीक्षेच्या तीन वाटा सांगितल्या आहेत: दर्शन, स्पर्शन व प्रश्न. त्या येथेंहि जशाच्या तशा उपयोगी पडतात.

आधीं प्रश्न. हजार किलोमीटरांस तेल किती घालावें लागतें? रेडिएटरांतील पाणी कमी होतें काय? गाडी तापली ती एकदांच कीं वारंवार? ज्या घरांत ही टिपणवही ठेविली जाते, तेथें निम्मा निर्णय आधींच झालेला असतो.

मग दर्शन, म्हणजे धुराचें. काळा धूर हा बहुधा कार्ब्युरेटरचा दोष असतो. त्यासाठीं इंजिन उघडण्याचें कारण नाहीं. इंजिन तापल्यानंतरहि पांढरा धूर येत राहिला आणि पाणी घटत गेलें, तर गास्केट किंवा हेड यांचा संशय घ्यावा. निळा धूर म्हणजे तेल जळत आहे, पण कोठून? सकाळीं गाडी सुरू करतांना व उतारावरून आल्यावर पुन्हां वेग देतांना तो दिसला, तर तेल व्हॉल्व्हच्या गाइडांतून उतरत असावें. चढावर, भार असतां, सतत दिसला, तर रिंगा व सिलिंडर झिजले असावेत.

शेवटीं स्पर्शन, म्हणजे मोजमाप. इंजिन गरम असतां सर्व प्लग काढून, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून, गेज लावून प्रत्येक सिलिंडराचा दाब घ्यावा. जेथें दाब कमी, तेथें चमचाभर तेल सोडून पुन्हां मोजावा. तेलानें दाब चढला, तर गळती रिंगांच्या बाजूस आहे. चढला नाहीं, तर ती व्हॉल्व्ह किंवा गास्केट यांतून आहे. त्याचप्रमाणें इंजिन तापल्यावर तेलाचा दाब गेज लावून पाहावा. तो फार उतरत असेल आणि खालून जड ठोक्यांचा आवाज येत असेल, तर बेअरिंगें संपत आलीं असें समजावें.

आतां आपल्या न्यायाकडे वळूं. इंजिनाचे सर्व अवयव एकाच वेगानें झिजत नाहींत. व्हॉल्व्ह व गास्केट यांचा शत्रु उष्णता. सिलिंडर व रिंगा यांचा शत्रु धूळ. म्हणून वरचा भाग जीर्ण आणि खालचा धडधाकट, ही स्थिति खरोखर संभवते, आणि तेथें अर्धें काम हेंच पूर्ण काम होय. परंतु खालचीं बेअरिंगें झिजलेलीं असतांना केवळ वरचें काम केलें, तर न्याय आपला प्रताप दाखवितो. वरची गळती थांबतांच सिलिंडरांतील दाब वाढतो, तो सारा भार त्या दुबळ्या बेअरिंगांवर पडतो, आणि जें इंजिन आणखी कांहीं काळ कुरकुरत चाललें असतें, तें लवकरच बसतें. झिजलेल्या सिलिंडरांत नुसत्या नव्या रिंगा घालण्याचाहि प्रकार असाच. सिलिंडर सरळ न झिजतां वरच्या टोकाशीं अधिक झिजतो. त्या चढउतारांत नवी रिंग नीट टेकत नाहीं.

मग सरसकट पुरें कामच कां करूं नये? खर्चापलीकडे याचें एक कारण आहे, आणि तें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. बोअर करणें म्हणजे धातु कापणें. प्रत्येक वेळीं सिलिंडर कांहीं अंशानें मोठा होतो, क्रँक कांहीं अंशानें बारीक होतो, आणि तशीं मापें दोनतीनच उपलब्ध असतात. ज्या गाडीचे नवे ब्लॉक आतां निघत नाहींत, तिचें हें भांडवल निष्कारण खर्चणें म्हणजे मूळ ठेवीस हात लावणें होय. ब्लॉक बदलावयाचा म्हटला तर इंजिनाचा क्रमांक बदलतो व परिवहन कार्यालयांत त्याची नोंद करावी लागते, ती यातायात निराळीच.

वर सांगितलेल्या कुटुंबांत शेवटीं परीक्षा झाली. शेजारच्या दोन सिलिंडरांत दाब सारखाच कमी निघाला व तेल सोडूनहि चढला नाहीं. त्या दोहोंमधील गास्केट जळालें होतें. निळा धूर दिसे तो सकाळीं व उतारानंतर. तापल्यावर तेलाचा दाब समाधानकारक होता. हेड उतरविल्यावर सिलिंडरांचीं मापें घेतलीं, तीं मर्यादेच्या आंत आलीं. खालचा संप काढून एक बेअरिंग उघडून पाहिलें, तर त्याचा करडा थर शाबूत होता. आंतील तांबें कोठेंहि उघडें पडलें नव्हतें. तेव्हां मातोश्रींनीं दोघां मुलांस एकच विचारलें, “गाडी अजून किती वर्षें ठेवायची आहे तुम्हांला?” धाकटे म्हणाले, “दहा तरी.” “मग आज कापायची घाई कशाला? पुढें लागेल तेव्हां कापा.” आमच्या मतें यांत सर्व शास्त्र आलें. हेडाचें काम झालें, आणि क्षारानें भरलेला रेडिएटरहि साफ झाला. कारण ताप ज्यामुळें आला तें कारण राहूं दिलें असतें, तर नवें गास्केटहि त्याच वाटेनें गेलें असतें. पुरें काम टळलें असें नव्हे. त्याची वेळ यावयाची आहे, आणि त्यासाठीं दोघां बंधूंनीं दरमहा कांहीं रक्कम बाजूस टाकण्याचें ठरविलें आहे.

वाचकांपैकीं कोणावर हा प्रसंग आला, तर त्यांनीं चार गोष्टी कराव्या. अंदाजपत्रक आरंभींच दोन रकान्यांत मागावें : एक अर्ध्या कामाचें, दुसरें पुऱ्याचें. हेड व संप उतरवून मापें हातीं येईपर्यंत कोणताहि शब्द देऊं नये, आणि तीं मापें कागदावर लिहून घ्यावीं. तीं उत्पादकाच्या पुस्तकांतील मर्यादेशीं ताडून पाहावीं. मिस्त्रीच्या अनुभवास मान द्यावा, पण आकड्यास त्याहून अधिक द्यावा. काढलेले जुने भाग परत मागावे. आणि पुरें काम झालेंच, तर पहिले हजार किलोमीटर गाडी सौम्यपणें, जड ओझें न घालतां चालवावी व या अवधींत तेल लवकर बदलावें. आपल्याकडील धुळीच्या रस्त्यांवर एअर फिल्टरची हेळसांड करणें म्हणजे नव्या सिलिंडरांत वाळू पेरणें होय.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगावीशी वाटते. खालचा भाग गेला आहे हें ठाऊक असतां वरवर डागडुजी करून, धूर तेवढा दडवून, गाडी दुसऱ्याच्या गळ्यांत बांधणें, यास काटकसर म्हणूं नये. ती गाडीहि एखाद्या घाटांत अडेल, आणि तिच्यांतहि कोणाची तरी वृद्ध माता बसलेली असेल.